सात नंबरच्या खाटेला अजून सांगायचं आहे

२६ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून निरीक्षण सुरू. फॉर्म छापून आले. वीस कलमं, प्रत्येकी एक गुण. सगळी कलमं माझी. समितीने फक्त समास वाढवला.
काम साधं आहे. शिकाऊ डॉक्टर पेशंटशी बोलत असेल तेव्हा मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि मागाहून त्याला सांगायचं की कुठे चुकलं. बारा जण आहेत. निकाल ऑक्टोबरअखेर. बारापेक्षा कमी गुण पडले तर सहा महिने पुन्हा.
कलम एक सगळ्यांकडून तोंडपाठ करून घेतलं आहे: काहीही सांगण्याआधी समोरच्याला विचारा, तुम्हाला काय माहीत आहे? माणसं ही साधी गोष्ट विसरतात. मला त्याचं नेहमी नवल वाटतं.
ही वही फक्त माझ्यासाठी. नियम: अतिशयोक्ती नाही, सबबी नाहीत, रोज लिहायचं.

२८ सप्टेंबर, बुधवार
काल लिहायला जमलं नाही. कारण खाली आहे, त्यामुळे ती सबब नव्हे.
रविवारी ताराबुकोच्या बाजाराहून परतणारा ट्रक उलटला. बायकांच्या हाडांच्या वॉर्डात खाट सातवर निकोलासाबाई आल्या. वय साठीच्या आसपास, मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजनं टांगलेली. ऑपरेशनची पाळी येईपर्यंत महिनाभर तशाच. नवरा, ताता गुमर्सिंदो, पुरुषांच्या वॉर्डात होता. मंगळवारी पहाटे तो वारला. गावची माणसं येऊन घेऊन गेली, मातीही झाली. बाईंना कोणी काही सांगितलेलं नाही.
मुलगा बुएनोस आइरेसला शिलाईच्या कारखान्यात आहे. त्याचा फोन आला. म्हणाला, आई आत्ता सोसणार नाही, थोडी सावरू दे. पण एक नोव्हेंबरच्या आत, मेलेल्यांच्या सणाआधी सांगा. बाबांचं पहिलं वर्ष आहे. एक तारखेला दुपारी बाराला ते येतील आणि टेबल मांडलेलं नसेल तर बसतील कुठे? आणि ते आईनेच मांडायला हवं. त्यांना काय आवडायचं ते तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.
शिक्षणविभागाचे प्रमुख डॉ. उरियोस्ते म्हणाले, मिरेया, हे तुम्हीच सांगा. शिकणाऱ्यांना एक नमुनाही होईल. मी हो म्हणाले. सूक्रेहून ला पाझला जाऊन मी याच विषयाचा कोर्स केला आहे. इंटर्नशिपनंतर मी पेशंट बघत नाही ते या कामाला वाहून घेतलं म्हणून. लोक वेगळं बोलतात. बोलोत.
शुक्रवारी अकरा वाजता सांगणार.

३० सप्टेंबर, शुक्रवार. ११.२५
गेले होते. बाई सूप पीत होत्या. वाईट बातमी जेवताना सांगायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि शास्त्रातही बसतो. आत्या एर्मेलिंदा म्हणायची, वाईट बातमी पाहुण्यासारखी असते, पोरी. जेवणं उरकल्याशिवाय तिला घरात घेऊ नये.
मला दमा होता म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत आत्यानेच मला घरी शिकवलं. जे काय चांगलं आहे ते तिथलं. ला पाझच्या कोर्सने फक्त त्याला क्रमांक दिले.
सोमवारी.

३ ऑक्टोबर, सोमवार
आज लिंबर्ट युक्राचं निरीक्षण. मुलगा ताराबुकोच्या पलीकडच्या कुठल्याशा गावचा. हात मोठे, कोटाच्या बाह्या तोकड्या. त्याला दिलेलं काम एवढंच: सात नंबरच्या खाटेशी रोजचं बोलणं. पाय कसा आहे, झोप लागली का.
बोलणं क्वेचुआत, त्यांच्या गावाकडच्या भाषेत झालं. मला क्वेचुआ समजतं. आमच्याकडे स्वयंपाकाला बाई होत्या. बटाटा, चूल, ये, जा, गप्प बस, हे सगळं येतं. बाकीचं संदर्भाने.
कलम १, काय माहीत आहे ते विचारणे: पहिलं वाक्य प्रश्नासारखं वाटलं. गुण दिला. कलम ४, खुर्चीवर बसणे: नाही. थेट खाटेवर बसला. मग प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुनी टायरची चप्पल काढली. एकच. चिखलाने भरलेली, आणि वॉर्डात. दोघं तिच्याकडे बघत राहिली. विषय बहुधा पादत्राणांचा. कलम ९, शांतता, मनात दहापर्यंत मोजून: मी घड्याळ लावलं, चार मिनिटं दहा सेकंद. अती. पेशंटने भिंतीकडे तोंड फिरवलं, म्हणजे तिचं लक्ष उडालं. उमेदवाराने बाहीला नाक पुसलं. कलम २०, स्वच्छता, गेलं. मग तिच्याच पुडीतली कोकाची पानं दोघांनी चघळली. कलम १४ नुसार स्पर्श फक्त खांद्याला. याने डोक्यावर हात ठेवला. कलम १८, समारोप: नाही.
एकूण सहा. वाईट वाटलं. पण गुण म्हणजे गुण.
यानंतर माझं सांगायचं होतं. बाई थकलेल्या दिसल्या. त्यांचे डोळे सुजले होते, वॉर्डात धूळ फार. राहू दिलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार
लिंबर्टला बसवून चुका सांगितल्या. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, मॅडम, आमचं बोलणं तुम्हाला कळलं ना? मी म्हणाले, पूर्णपणे. तो म्हणाला, मला वाटलं तुम्ही रागवाल. थांबायचं ठरलं होतं, पण तिने विचारलं आणि माझ्याच्याने राहवेना. मी म्हणाले, पेशंटने चप्पल मागितली तर नियम समजावून सांगायचा, पिशवी घेऊन धावायचं नाही. तो म्हणाला, मग आता मी काही करायला नको ना? मी म्हणाले, काही नको. पुढचं मी बघते.
म्हणाला, बरं मॅडम.
शिकवणं हे असं हळूहळू उतरतं.

६ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७.५०
वॉर्डाबाहेरच्या बाकावर, घड्याळाखाली, एक म्हातारा बसला होता. गुडघ्यावर हॅट. एका पायात टायरची चप्पल, दुसरा पाय अनवाणी. भेटीची वेळ दहाची. रखवालदाराला सांगितलं. तो येऊन बघून गेला, म्हणाला, मॅडम, या बाकावर सकाळपासून माझा डबा तेवढा बसलाय.
डबा होता, हे खरं. म्हाताऱ्याच्या शेजारी.
कॉफी कमी करणार.

१० ऑक्टोबर, सोमवार
आज पूर्ण तयारीनिशी गेले. खुर्ची ओढली. नजर समपातळीत. म्हणाले, निकोलासाबाई, आज मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, तू जेवलीस का? मी म्हणाले, ते महत्त्वाचं नाही. म्हणाल्या, कसं नाही, बघ कशी दिसतेस ती. रुमालातला उकडलेला मका माझ्या हातावर ठेवला. तो संपेपर्यंत माझ्यावरून नजर काढली नाही. म्हणाल्या, सावकाश. घशात अडकतंय तुझ्या.
तोंडात मका असताना सांगणं बरं दिसलं नसतं. ही पूर्वतयारीची भेट धरते. विश्वास बसणं हेच अर्धं काम.
परतताना बाकाकडे बघितलं नाही. तो तिथे होता.

१३ ऑक्टोबर, गुरुवार
बाराही जणांना व्याख्यान. विषय: शांतता. मी म्हणाले, वाईट बातमी सांगून झाली की गप्प बसा, एक ते दहा मोजा, पेशंटला त्याची जागा द्या. 'गेले', 'देवाघरी', 'आता आराम' असलं काही बोलू नका. मृत्यू हा शब्द वापरा. जो शब्द आपण गिळतो तो समोरच्याच्या घशात अडकतो. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. दोघींनी लिहून घेतलं.
दार उघडं होतं. तो बाकावरून ऐकत होता. सवयीने त्याचाही फॉर्म भरला. नजर मिळवणे: उत्तम. मध्येच बोलणे: नाही. संयम: वाखाणण्याजोगा. हात धुणे: दिसलं नाही. एकूण सतरा. आजवरचे सर्वांत जास्त.
फॉर्म फाइलला लावलेला नाही. उगाच नावाचा प्रश्न आला असता. मी त्याला नाव विचारलेलं नाही. विचारायचं कारणही नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार
जेवताना आत्याला सहज विचारलं, एखाद्याला वाईट बातमी द्यायची असेल आणि वेळ जमत नसेल तर? आत्या म्हणाली, मग वेळ जमली नाही असं समजायचं. काही घाई असते का? मेलेला माणूस काही कुठे जात नाही. मी म्हणाले, पण समोरच्याला कळायला नको? आत्याने रुमालाची घडी केली. म्हणाली, आपल्या घरात आजवर कोणी कोणाला दुखवलेलं नाही.
हे खरं आहे. मी सात वर्षांची असताना आई हवापालटासाठी तारिहाला गेली. मग दर गुरुवारी तिचं पत्र यायचं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रांवर. शेजारी आत्या बसायची आणि एकेका अक्षराखाली विणायची सुई धरायची. मी वाचलेला पहिला शब्द द्राक्षं. तारिहात द्राक्षं फार. आईचं आणि आत्याचं अक्षर अगदी सारखं, दोघी एकाच नन्सच्या शाळेतल्या. मी स्वतः उत्तरं लिहायला लागले त्या वर्षी पत्रं थांबली. आत्या म्हणाली, टपालाचा संप आहे.
संप मोठा होता.
मी मुद्दाम लिहून ठेवते की या सगळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट यालाच कौशल्य म्हणतात.

१८ ऑक्टोबर
कॉफी बंद. तरी तो आहे.

२० ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ३
सराव महत्त्वाचा. आरशासमोर जमत नाही, कारण आरशातली बाई माझ्याआधी रडायला लागते. सामान्य निरीक्षण म्हणून नोंदवते.
म्हणून बाकाशी गेले. कॉरिडॉर रिकामा होता. मी जवळ गेल्यावर तो थोडा सरकला, मला जागा दिली. बसले. त्याच्या कपड्यांना चुलीचा आणि ओल्या मातीचा वास होता. मी म्हणाले, बातमी चांगली नाही. थांबले. मग म्हणाले, ताता गुमर्सिंदो रविवारच्या अपघातात जखमी झाले होते, मंगळवारी पहाटे त्यांचा मृत्यू झाला. शब्द वापरला. आवाज कापला नाही. दहापर्यंत मोजलं.
त्याने मान हलवली. मग आपल्या अनवाणी पायाकडे बघत बसला.
कलम एक घ्यायचं राहिलं. पण याला काय विचारणार, तुम्हाला काय माहीत आहे म्हणून.
तरी अठरा गुण. आता खाट सात म्हणजे औपचारिकता.

२४ ऑक्टोबर, सोमवार
मुलाचा फोन. त्याला सुट्टी मिळत नाही, येता येणार नाही. सांगितलंत का? मी म्हणाले, प्रक्रिया चालू आहे. म्हणाला, मॅडम, हात जोडतो, सणाआधी सांगा. माझे बाबा भिडस्त होते. कोणाच्या दारात गेले आणि कोणी बस म्हणालं नाही तर उभ्याउभ्या परत यायचे. ते उपाशी परत जायला नकोत.
मी म्हणाले, ते उभे नाहीत.
मग म्हणाले, म्हणजे, काळजी करू नका.
गुरुवारी सगळ्यांसमोर सांगणार. बारा साक्षीदार असले की माघार घेता येत नाही. हाच त्यातला विचार.

२७ ऑक्टोबर, गुरुवार
खाटेभोवती बाराही जण. मी खुर्चीवर. सुरुवात उत्तम झाली. म्हणाले, निकोलासाबाई, आयुष्यात काही बदल होतात. त्या म्हणाल्या, होतात बाई. मी म्हणाले, काही रस्ते फार कठीण असतात. म्हणाल्या, ताराबुकोचा तर वाईटच. वळणावर कठडा नाही. मी म्हणाले, आणि त्या रस्त्यावर कधीकधी आपल्या जवळची माणसं. इथे थांबले. दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत. सगळ्या वॉर्डात फक्त वजनांची दोरी कुरकुरत होती. मग मी हाडाबद्दल सांगितलं. हाड कसं जुळतं ते पहिल्यापासून, सविस्तर.
दोघीतिघींनी लिहून घेतलं. लिंबर्ट खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी माझा हात थोपटला आणि क्वेचुआत त्याला काहीतरी म्हणाल्या. त्यात 'चूल' नव्हतं, 'बटाटा' नव्हता. मग खड्ड्यात पडलेल्या वासराकडे बघतात तशी दोघं माझ्याकडे बघत राहिली.
बाई शांत होत्या. म्हणजे मनाची जमीन तयार झाली आहे.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार
वॉर्डात पीठ. बाईंनी लिंबर्टकडून मागवलं आणि तो वाकून खाटेवर परात धरून उभा होता. आठ नंबरची बाई आत्म्यांना उतरायला पिठाची शिडी करत होती, सहा नंबरची एकेका मेलेल्याच्या नावाने पिठाची बाळं. त्याच्या मावशीच्या भट्टीत भाजून आणणार म्हणे. पातींसकट कांदे, उसाची कांडी, जांभळी फुलंही सांगितली आहेत.
सणाचे दिवस. प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी जुना मेलेला असतोच. बाईंचे आईवडील असतील. शिवाय हातांना व्यायाम.
मी बाईंना म्हणाले, भूक परत आलेली दिसते. म्हणाल्या, माझी नाही ग.

३१ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १
निकाल दिले. अकरा पास. लिंबर्ट युक्रा सहा गुण, नापास. सही केली. 
उरियोस्ते म्हणाले, आणि खाट सात? मी म्हणाले, उद्या, बाराच्या आत. म्हणाले, मिरेया, पाच आठवडे झाले. मी म्हणाले, सर, मृत्यूची बातमी ही घटना नसते, ती प्रक्रिया असते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.
बाकावर तो आज ताठ बसला आहे. हॅट झटकून स्वच्छ केलेली. लांबच्या गावाला जायचं असलं की माणसं बसतात तशी.

१ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.३०
आज. वाक्यं पाठ आहेत. नाश्ता केला नाही, म्हणजे घशात काही अडकायचं नाही.

९.१०
राउंड चालू आहे. मध्ये जाणं बरोबर नाही.

१०.२०
बाईंचे केस धुऊन देत होते. ओल्या केसांनी कोणाला असं काही सांगू नये.

११.०५
उरियोस्ते बोलावत आहेत असं वाटलं. बोलावलं नव्हतं.

११.४०
बाक रिकामा आहे.

संध्याकाळी ५
जसं झालं तसं लिहिते.
बाराला दहा कमी असताना आत गेले. खाट सातच्या शेजारचं कपाट पुढे ओढलं होतं. त्यावर काळं कापड, पावाची शिडी, पातीचे कांदे, ऊस, डुकराच्या मटणाची ताटली, वर मका, कोकाची पानं. मधोमध ती टायरची चप्पल, घासून धुतलेली. निकोलासाबाई उशांना टेकून बसल्या होत्या, वेण्या घट्ट घातलेल्या. खाटेजवळ एक रिकामी खुर्ची होती. मी तिच्याकडे गेले तर म्हणाल्या, ती नको, ती त्याची. तू इथे बस. आणि खाटेवर, पायाशी, जागा दाखवली.
मी बसले. कलम चार गेलं.
मी म्हणाले, मला तुम्हाला सांगायचं आहे. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, पोरी. लिंबर्टने पहिल्याच सोमवारी सांगितलं. तू कोपऱ्यात बसली होतीस की.
मी म्हणाले, चप्पल.
म्हणाल्या, हो. मी त्याला विचारलं, माझा माणूस कुठे आहे? तो म्हणाला, मामिता, आधी तू सांग, तुला काय वाटतं? मी म्हणाले, मंगळवारी पहाटे माझ्या उशाशी आला आणि एका पायाने लंगडत गेला, तेव्हा मला वाटतं तो मेला. मग त्याने पिशवी उघडली.
बाकीचं बोलणं मला नीट लिहिता येत नाही. मी विचारलं, मग मला एवढे दिवस का सांगितलं नाहीत? बाई म्हणाल्या, तू रोज यायचीस, बसायचीस, तोंड उघडायचीस, मिटायचीस. मी लिंबर्टला म्हटलं, हिचंच कोणीतरी गेलंय आणि हिला बोलता येत नाही, घाई करू नका. तोही म्हणाला, हो, मलाही तसंच दिसतंय. आणि हे बघ, टेबल मांडलं एवढंच माझ्या मुलाला सांग, मला कधीपासून माहीत आहे ते कळवू नको. त्याला वाटतंय मी एवढे दिवस निवांत होते. त्या पोराला तेवढाच आधार.
चर्चच्या घंटा झाल्या. बारा.  खुर्ची किंचित वाजली. लाकूड उन्हाने वाजतं.
मग त्यांनी विचारलं, कोण गेलंय तुझं? मी म्हणाले, कोणी नाही. म्हणाल्या, आई कुठे असते? मी म्हणाले, तारिहाला. कधीपासून? चोवीस वर्षं झाली.
त्या काही बोलल्या नाहीत. मी सवयीने मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले, शंभराच्या पुढे आकडे सुटले. मी काही मूर्ख नाही. मला माहीत आहे. केव्हापासून माहीत आहे तेही माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि कोणीतरी समोर बसून सांगणं वेगळं, आणि मला ते कोणी सांगितलेलं नव्हतं.
त्यांनी पिठाच्या बाळांपैकी एक माझ्या हातात दिलं. चेहरा नसलेलं. म्हणाल्या, एक जास्तीचं ठेवतेच मी नेहमी. नाव काय तिचं? मी म्हणाले, देल्फिना. चोवीस वर्षांत मोठ्याने पहिल्यांदा. म्हणाल्या, ठेव तिथे, कांद्याशेजारी. ताताला सोबत होईल. तो गप्प माणूस आहे, पण ऐकतो छान.
मी म्हणाले, हो. मी गुण दिले आहेत त्याला.

२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२.३०
सुट्टी. नाश्ता झाल्यावर आत्याला विचारलं. ती म्हणाली, पोट भरलं का तुझं? मी म्हणाले, हो. मग ती म्हणाली, चौदा मे. इथेच, सूक्रेत, बायकांच्या वॉर्डात, खिडकीकडची खाट. तुला न्यायला हवं होतं. मला जमलं नाही. पत्रं मात्र मी मनापासून लिहायची. तारिहा मी कधी बघितलं नाही, विश्वकोशात बघून लिहायची.
तिची नजर हातातल्या कपावर. समारोप नाही. शांतता मोजली नाही. मी खुर्ची सोडून तिच्याशेजारी जाऊन बसले.
नंतर वॉर्डात जाऊन आले. बाराला आत्मे परत जातात. कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्याच्या वळणावर, हॅट घातलेली पाठ दिसली. नोंद म्हणून: दोन्ही पायांत चपला होत्या. त्याच्यासोबत कोणी बाई होती की नाही हे मी बघितलं नाही. बघायला हवं होतं. जमलं नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९
उरियोस्तेंकडे जाऊन लिंबर्टचा फॉर्म परत मागितला. म्हणाले, उशीर झाला, यादी परवाच वर गेली. तुमचीच सही आहे. मी म्हणाले, सर, खाट सातला त्याने तीन ऑक्टोबरलाच सांगितलं होतं, माझ्यासमोर. म्हणाले, मग त्या दिवशी तुम्ही काय करत होता? मी म्हणाले, निरीक्षण.
नियम असा आहे: नापास उमेदवाराने संवादकौशल्याची सहा महिन्यांची शिकवणी घ्यायची. माझ्याकडे. हा नियमही माझाच.
लिंबर्ट कॉरिडॉरमध्ये बाकावर बसला होता. मी त्याची माफी मागितली. ऐकून घेतलं, दुसरीकडे बघितलं नाही, मध्ये बोलला नाही. मग थोडा सरकला. म्हणाला, असू दे मॅडम, सोमवारी आठला येतो. शिकवणी आहे म्हटल्यावर ती घ्यायलाच हवी. फक्त क्वेचुआपासून सुरू करू या.
मी म्हणाले, तुला क्वेचुआ येतं की.
तो म्हणाला, हो, मला येतं.
वही आणायला सांगितली आहे. मला.